कुत्र्याच्या नाकात दुर्बीण घालण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस उघडून माळावरचे गवत वाळायला लागले की दवाखान्यांत शिंकणारी कुत्री येऊ लागतात. फिरायला गेलेले कुत्रे गवतात तोंड खुपसते, एखादे कुसळ नाकपुडीत शिरते आणि घरी पोहोचेपर्यंत शिंकांचा सपाटा सुरू झालेला असतो. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकते, मागे येत नाही. मग दुर्बिणीने ते काढावे लागते. याखेरीज वारंवार घोळणा फुटणे, एकाच नाकपुडीतून पू वाहणे, नाकातली गाठ, बुरशी, पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींच्या अरुंद नाकपुड्या रुंद करणे, अशा अनेक कारणांनी कुत्र्याच्या नाकात हत्यार घालण्याची वेळ येते. संमतीपत्रावर ‘पूर्ण भूल’ एवढेच लिहिलेले असते आणि श्वानपालक निर्धास्त होतात, की आता याला काही कळणार नाही. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे नाकाची नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनासाठी, हे पत्र.

नाकाचे अस्तर हा कुत्र्याच्या शरीरातला अतिशय संवेदनशील भाग आहे. शिंक ही फुप्फुसांची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया, आणि तिचे केंद्र मेंदूच्या देठात असते. भुलीचा आयसोफ्लुरेन गॅस जागेपण घालवतो, पण नाकातून देठाकडे जाणारा संदेश तसाच पोहोचत राहतो. म्हणून गाढ भुलीतले कुत्रेही दुर्बीण आत जाताच शिंकते, डोके झटकते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. दुर्बिणीचे टोक आतल्या कागदासारख्या पातळ हाडांवर आपटते, रक्त येते आणि पुढचे काही दिसेनासे होते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे गॅस वाढवणे. एरवी दीड ते दोन टक्क्यांवर चालणारे व्हेपोरायझर, म्हणजे गॅसचे प्रमाण ठरवणारे यंत्र, तीनवर जाते. हत्यार बाहेर काढले की चेतवणूक संपते, आणि तोच तीन टक्के गॅस आता फार जास्त ठरतो, रक्तदाब कोसळतो, श्वास मंदावतो. पुन्हा गॅस कमी, पुन्हा हत्यार आत, पुन्हा शिंक. म्हाताऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्याला हा खेळ परवडत नाही.

संदेश वाटेतच अडवला तर हे सगळे टळते. दोन्ही बाजूंना एकेक इंजेक्शन, एका कुत्र्यामागे काही रुपयांचे औषध आणि दहा-पंधरा मिनिटांचा धीर, एवढाच त्याचा खर्च. तरीही नाकाच्या कामाआधी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे संवेदना नेणारी नस इंजेक्शनने तात्पुरती बधिर करणे, हा अजून आपल्याकडे नियम झालेला नाही. जिथे तो दिला जातो तिथेही बऱ्याचदा चुकीच्या जागी दिला जातो, आणि आमचा मुख्य मुद्दा तोच आहे.

चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हची मॅक्सिलरी ही शाखा डोळ्याच्या खोबणीखालच्या पोकळीतून पुढे येते, वरच्या जबड्याच्या हाडातल्या बोगद्यात शिरते आणि गालावर एका छिद्रातून बाहेर पडते. बोगद्यात शिरल्यापासून तिला इन्फ्राऑर्बिटल म्हणतात. हे छिद्र बोटाला सहज लागते, म्हणून तिथला ब्लॉक सोपा आणि लोकप्रिय. त्याने नाकपुडी, नाकाचा शेंडा, वरचा ओठ बधिर होतो. नाकपुड्या रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेला तो उत्तम. पण नाकाच्या आतल्या मागच्या भागाला आणि टाळूला जाणाऱ्या फांद्या बोगद्यात शिरण्याआधीच, त्या पोकळीतच, वेगळ्या होतात. गालावरच्या छिद्राशी कितीही औषध सोडले तरी त्या जाग्याच राहतात. म्हणजे खोल तपासणी किंवा बायोप्सी करायची असेल आणि ब्लॉक इन्फ्राऑर्बिटल दिला असेल, तर कुत्र्याचा ओठ बधिर झाला, नाक नाही. मग ‘ब्लॉक देऊनही शिंकतेच’ असा निष्कर्ष निघतो आणि बिचारी पद्धतच बदनाम होते.

खोल कामासाठी मॅक्सिलरी ब्लॉकच हवा. तो देण्याच्या तीन वाटा प्रचलित आहेत.

पहिली वाट गालाच्या कमानीखालून. कुत्रे कुशीवर, तोंड मिटलेले. गालाच्या हाडाची कमान बोटाने चाचपायची, तिच्या खालच्या कडेला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून साधारण अर्धा सेंटिमीटर मागे खूण धरायची. केस कापून जागा स्वच्छ करताना क्लोरहेक्झिडीन किंवा स्पिरिट वापरू नये. डोळा शेजारीच आहे आणि दोन्ही बुबुळाला घातक. पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन पुरते. मध्यम कुत्र्याला २२ ते २५ गेजची, एक ते दीड इंची सुई आत आणि किंचित पुढच्या दिशेने सरकवायची. हाड लागले की मिलिमीटरभर मागे घ्यायची, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचे, सुई पाव वळसा फिरवून पुन्हा पाहायचे, मगच औषध, तेही सावकाश. दाब द्यावा लागला तर थांबायचे. सुईचे टोक नर्व्हमध्येच रुतलेले असू शकते.

दुसरी वाट बोगद्यातून, आणि लांब मुस्कटाच्या कुत्र्यांत आम्ही हीच पसंत करतो. वरचा ओठ उचलून वरच्या तिसऱ्या उपदाढेच्या मागच्या मुळावर बोट ठेवले की छिद्राची कड लागते. शिरेत लावतात तोच २० किंवा २२ गेजचा कॅथेटर घ्यायचा. त्याचे टोक छिद्रात शिरेपर्यंतच सुई ठेवायची, पुढे सुई मागे ओढून नुसती मऊ नळी टाळूला समांतर सरकवायची. किती? डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून खाली सरळ रेषा कल्पावी, तिथपर्यंत. हे अंतर कॅथेटर बाहेरून गालावर ठेवून आधीच मोजायचे. कारवानी, पश्मी, जर्मन शेफर्ड अशा कुत्र्यांत बोगदा लांब आणि सरळ असतो, नळी अलगद जाते. मऊ नळीने शीर-धमनी फाटण्याची भीती सुईपेक्षा कमी. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांचा बोगदा मात्र जेमतेम काही मिलिमीटरचा. तिथे त्याच हिशेबाने नळी रेटली तर ती थेट डोळ्याखाली पोहोचते.

तिसरी वाट तोंडातून. शेवटच्या वरच्या दाढेच्या लगेच मागे, टोक वाकवलेली बारीक सुई सरळ वर, फक्त दोन ते चार मिलिमीटर. दातांचे काम करणाऱ्यांच्या हाताला ही सवयीची. पण कुत्र्याच्या डोळ्याच्या खोबणीला तळाशी हाड नसते, फक्त मऊ ऊती असतात. सुई थोडी जास्त गेली तर वाटेत अडवायला काही नाही, पुढे थेट बुबुळच. लहान आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत ही वाट आम्ही टाळतो. नवशिक्यांनीही टाळावी.

सोनोग्राफीचे यंत्र आणि ते वापरणारा हात असेल तर सुईचे टोक आणि औषधाचा पसरणारा डाग डोळ्यांसमोर दिसतो. यंत्र नसले तरी वरची पहिली किंवा दुसरी वाट पुरेशी भरवशाची आहे.

आता बधिर करणारे औषध, म्हणजे लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन. चूक होण्याची सर्वांत जास्त शक्यता इथेच आहे. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम, ०.५ टक्के बुपिव्हाकेन म्हणजे १ मिलीत ५ मिलिग्रॅम. टक्क्यांना दहाने गुणायचे, एवढेच गणित. कुत्र्याला लिग्नोकेनची एकूण मर्यादा किलोमागे ४ मिलिग्रॅम धरावी, बुपिव्हाकेनची २. लिग्नोकेन पाच ते दहा मिनिटांत लागते आणि तास-दोन तास टिकते. बुपिव्हाकेन लागायला दहा ते वीस मिनिटे घेते, पण चार ते सहा तास पुरते, म्हणून बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेसाठी तेच योग्य. प्रत्येक बाजूला लहान कुत्र्यात ०.३ मिली, मध्यम कुत्र्यात अर्धा ते एक मिली, लॅब्राडॉरसारख्या मोठ्या कुत्र्यात एक ते दीड मिली पुरते. २५ किलोच्या लॅब्राडॉरची बुपिव्हाकेनची मर्यादा ५० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिली. आपण वापरणार तीन. तिथे चिंता नाही.

चिंता आहे ती तीन किलोच्या पॉमेरेनियनची. त्याची लिग्नोकेनची मर्यादा १२ मिलिग्रॅम, म्हणजे अवघे ०.६ मिली. श्वासासाठीची नळी घालताना घशात मारला जाणारा १० टक्क्यांचा लिग्नोकेन स्प्रे एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम सोडतो. म्हणजे एकाच फवाऱ्यात त्याचा कोटा जवळपास संपला. नंतर ब्लॉकचे औषध मोजताना हा फवारा कुणाच्या लक्षात राहत नाही. नाकात टाकलेले थेंब, जेली, स्प्रे, इंजेक्शन सगळे एकाच बेरजेत धरायचे. लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन एकाच सिरिंजमध्ये मिसळण्याची जुनी सवयही सोडावी. लवकर लागण्याचा फायदा नावापुरता, टिकण्याचा काळ मात्र घटतो आणि दोघांची विषारीपणाची बेरीज होते.

एवढ्या लहान मात्रेसाठी हाताशी असते ती इन्सुलिनची सिरिंज, आणि तिच्यावर मिलिलिटर नसून युनिट असतात. ४० च्या सिरिंजवर ०.३ मिली म्हणजे १२ युनिट, १०० च्या सिरिंजवर तेच ३० युनिट. कोणती हातात आहे ते वाचूनच औषध भरावे. दुसरी खबरदारी बुपिव्हाकेनच्या कुपीची. मेडिकलच्या दुकानात मागितल्यावर बऱ्याचदा ‘हेवी’ पुढे केले जाते. ते माणसांच्या पाठीच्या कण्यातल्या भुलीसाठी डेक्स्ट्रोज घालून जड केलेले असते. ब्लॉकला साधे ०.५ टक्क्यांचे हवे.

औषध शिरेत गेले किंवा मात्रा चुकली तर जागे कुत्रे थरथरते, त्याला झटके येतात. भुलीत झटके झाकले जातात आणि थेट ठोके मंदावणे, बिघडणे, रक्तदाब पडणे असेच दिसते. बुपिव्हाकेनचा हृदयावरचा घाला फार चिवट असतो आणि त्यावर ठोके सुधारायला लिग्नोकेन देणे म्हणजे आगीत तेल. गॅस बंद, शंभर टक्के प्राणवायू, झटके असतील तर मिडाझोलाम किंवा डायझेपाम, आणि शिरेतून २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे तेलाचे दुधाळ द्रावण: किलोमागे १.५ मिली सावकाश, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली, अर्धा तास. दहा किलोच्या कुत्र्याला हे मिळून ९० मिली होतात, म्हणजे १०० मिलीची एक बाटली. ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात ही बाटली कपाटात हवी, औषधविक्रेत्याकडे नव्हे.

ब्लॉक दिल्यावर घड्याळाकडे न बघता हत्यार उचलणे हे अपयशाचे सर्वांत साधे कारण. बुपिव्हाकेनला किमान पंधरा मिनिटे द्यावीत. तोवर एक्स-रे, किंवा सोय असेल तिथे सीटी स्कॅन उरकावा. तो दुर्बिणीच्या आधीच व्हायला हवा, नंतर नाकात साचलेले रक्त चित्र बिघडवते. मग नाकपुडीची कड चिमट्याने दाबून पाहावी. मुस्कट हलले किंवा ठोके पाचव्या हिश्शाने वाढले, तर ब्लॉक लागलेला नाही. कड शांत राहिली म्हणून मागचा भागही बधिर झाला असे मात्र समजू नये, ते दुर्बीण मागे पोहोचल्यावरच कळते.

आणि सगळे बरोबर जमूनही काही कुत्री शिंकतातच. नाकाच्या वरच्या भागाला आणि पडद्याच्या काही भागाला एथमॉइडल नर्व्ह जाते, ती ट्रायजेमिनलच्या वेगळ्या शाखेची, मॅक्सिलरी ब्लॉकच्या आवाक्याबाहेरची. त्यासाठी ब्यूटॉर्फेनॉल हे वेदनाशामक किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम आधीच द्यावे आणि मर्यादेत उरलेले लिग्नोकेनचे थेंब वरच्या मार्गात सोडावेत. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी तीव्र वेदनाशामके १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत येत असल्याने बहुतेक खासगी दवाखान्यांत नसतातच. म्हणूनच आपल्याकडे ब्लॉकचे महत्त्व जास्त.

ब्लॉक आहे म्हणून बाकीची शिस्त ढिली करून चालत नाही. नुसत्या केटामाइन-झायलाझिन या भुलीच्या इंजेक्शनावर, घशात नळी न घालता नाकात हत्यार घालणे आम्हाला अजिबात मान्य नाही. रक्त सरळ श्वासनळीत उतरते. फुगा असलेली नळी, घशात कापसाचे नव्हे तर गॉजचे बोळे, किती घातले ते लिहून ठेवणे, आणि मुस्कट थोडे खाली झुकवलेले. बायोप्सीच्या चिमट्यावर नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजून चिकटपट्टीची खूण करावी. त्या खुणेपलीकडे चाळणीसारखे हाड आहे आणि त्यामागे मेंदू.

नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्याबाबत एक गोष्ट महाराष्ट्रात विसरून चालणार नाही, ती म्हणजे गोचीड ताप. गोचिडांतून येणाऱ्या एर्लिशिया या जंतूच्या संसर्गात प्लेटलेट घसरतात आणि पहिले लक्षण कित्येकदा घोळणा फुटणे हेच असते. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख. त्या पन्नास हजारांखाली असताना खोबणीखालच्या पोकळीत सुई घालणे म्हणजे डोळ्यामागे रक्ताची गाठ ओढवून घेणे. यंत्राने कमी आकडा दाखवला तर काचपट्टीवर रक्त पसरून खात्री करावी, गुठळ्या झाल्या तरी आकडा खोटा कमी येतो. संसर्ग निघाला तर आधी डॉक्सीसायक्लिन, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. पुष्कळदा दुर्बिणीची गरजच उरत नाही. तीच गोष्ट भटक्या कुत्र्यांत आढळणाऱ्या संसर्गजन्य गाठीची. ती जननेंद्रियांखेरीज नाकातही होते, नाकाच्या पुसणीतून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते आणि व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी बहुधा विरघळते. नाकात अळ्या पडल्यावर टर्पेंटाइन किंवा रॉकेल ओतण्याचा जो घरगुती प्रकार चालतो, त्याने अळ्यांआधी फुप्फुसे जळतात.

हे सगळे पुस्तकात आहे, पण सुईची दिशा पुस्तकातून हाताला येत नाही. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत आणि पशुवैद्यक महाविद्यालयांच्या उजळणी वर्गांत एक लांब मुस्कटाच्या कुत्र्याची कवटी, एक पगची कवटी आणि काही कॅथेटर टेबलावर ठेवले तर दुपारभरात तिन्ही वाटा शिकवता येतील. लांब मुस्कट आणि चपटे तोंड यांतला फरक दोन कवट्या शेजारी ठेवल्यावर जितका ठसतो तितका शंभर स्लाइडनी ठसत नाही. मृत कुत्र्यात रंग सोडून तो कुठे पसरला ते उघडून पाहणे ही त्यापुढची पायरी.

श्वानपालकांसाठी: घरी आल्यावर दोन-तीन दिवस शिंकेबरोबर रक्ताचे थेंब दिसतील, ते चालते. सलग धार लागली तर नाही. पहिले काही तास वरचा ओठ बधिर असतो, कुत्रे नाक फरशीला घासते, म्हणून गळ्यात कॉलर घालावी आणि पूर्ण शुद्धीवर येऊन पाणी नीट गिळल्याशिवाय खायला देऊ नये. दुखते म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मुळीच देऊ नये. इंजेक्शनच्या बाजूचा डोळा पुढे आल्यासारखा, सुजलेला किंवा सतत मिटलेला दिसला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांना दाखवावे.

आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: प्लेटलेट तपासल्या का, घशात नळी घालणार का, आणि नाकासाठी कोणता ब्लॉक देणार. खोल बायोप्सी ठरलेली असताना तिसऱ्याचे उत्तर ‘इन्फ्राऑर्बिटल’ असे आले, तर औषध कुठवर पोहोचवणार तेही विचारावे.

– लहान प्राण्यांच्या शल्यचिकित्सा व भूलशास्त्रात काम करणारे दोन पशुवैद्यक, पुणे